जीपेवर आलेला प्रत्येक रुपया म्हणजे कमाई नव्हे

(पत्र आणि उत्तर जुलै २०२५ मधलं आहे. मुदती, मर्यादा, कलमं आणि फॉर्म तेव्हाचे आहेत.)

प्रश्न : नमस्कार ताई. मी नाशिकला राहते, वय ३७. तीन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. त्यांचा स्वतःचा छोटा हत्ती होता, नोकरी नव्हती, त्यामुळे पेन्शन वगैरे काही नाही. मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत आहे. मी घरून डबे देते, कॉलेजची मुलं आणि कंपनीतले काही जण धरून सोळा-सतरा गिऱ्हाईकं आहेत. महिन्याला ४० हजार येतात, दिवाळीत फराळाचे अजून साठेक हजार होतात. किराणा, भाजी, सिलिंडर, डबा पोचवणारा मुलगा, मदतीची बाई सगळं जाऊन वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला तेराएक हजार हातात राहतात. एलआयसीचे ९ लाख मिळाले ते एफडीत ठेवलेत. मागच्या वर्षी बँकेने त्याच्या व्याजातून ६३०० कापले, विचारलं तर टीडीएस म्हणाले. दीर म्हणतात जीपेवर वर्षात सात लाख आलेत, नोटीस येणार, गिऱ्हाइकांकडून कॅशच घे आणि एफडी मुलांच्या नावावर कर. (त्या सात लाखात आमच्या भिशीचे पैसे पण आहेत आणि भाऊ फीसाठी पाठवतो ते पण.) ओळखीतला एजंट म्हणतो दोन हजार द्या, वीस हजार रिफंड काढून देतो. मैत्रीण म्हणते रिटर्न भरलंस की लाडकी बहीण बंद. मुलीच्या स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला पण काढायचाय, त्यावर किती लिहायचं कळत नाही. रात्र रात्र झोप नाही. नक्की काय करू?

उत्तर :

ताई, आधी एवढं वाचा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवर तुम्हाला एक रुपयाही टॅक्स लागत नाही. उलट तुमचेच ६३०० रुपये टीडीएस म्हणून, म्हणजे आधीच कापून घेतलेला टॅक्स म्हणून, सरकारकडे अडकलेत आणि ते परत मिळायचे तर रिटर्न, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा तपशील इन्कम टॅक्स खात्याकडे भरावा लागेल. २०२४-२५ च्या रिटर्नची मुदत एरवीसारखी ३१ जुलै नव्हती, फॉर्ममध्ये बदल झाले म्हणून ती १५ सप्टेंबर २०२५ केली होती (नंतर अजून एक दिवस वाढवून १६ सप्टेंबर झाली). घाईघाईत कुणाला दोन हजार द्यायची गरज नाही.

आता दिरांचं बघू. ते काळजीपोटीच बोलत असणार, पण सात लाख हा आकडा त्यांनी जीपेच्या हिस्ट्रीत बघितला आणि तीच तुमची कमाई धरली, सगळा घोळ तिथून सुरू झाला. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून मी अंदाजे मांडणी करते, तुम्ही स्टेटमेंट काढून ताडून बघा. समजा भिशीत बारा जणी आहेत, प्रत्येकीचे दोन हजार, आणि पैसे गोळा करायचं काम तुमच्याकडे आहे, तर दर महिन्याला अकरा जणींचे २२ हजार तुमच्या खात्यात येतात आणि जिचा नंबर लागला तिला लगेच जातात, वर्षाचे झाले २ लाख ६४ हजार. तुमचा एक छदामही त्यात नाही. भावाने फीसाठी ४६ हजार पाठवले असतील तर तेही कमाईत येत नाहीत, सख्ख्या भावाने बहिणीला दिलेले पैसे कायद्यातच करमुक्त आहेत, कितीही असोत. हे दोन्ही काढले की उरतात ३ लाख ९० हजार, ते खरे डब्याचे. यात कॅशने देणाऱ्यांचे दीडेक लाख मिळवा, म्हणजे धंद्याची वर्षाची उलाढाल ५ लाख ४० हजार झाली. आणि ही सुद्धा उलाढालच आहे बरं का, यातून तेल, डाळ, सिलिंडर सगळं जायचंय. टॅक्सचा प्रश्न येतो तो नफ्यावर.

नोटिसांची भीती कुठून आली असेल याचा मला अंदाज आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना, बेकरीवाल्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या, सगळीकडे व्हिडिओ फिरले, काही दुकानदारांनी क्यूआर कोड काढून टाकले. त्या नोटिसा जीएसटीच्या होत्या आणि तिथल्या राज्य सरकारच्या खात्याच्या होत्या. जीएसटीचं रजिस्ट्रेशन लागतं ते सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या वर आणि फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या वर. तुमची उलाढाल साडेपाच लाखाच्या आतली. तुमच्या आणि जीएसटीच्या मध्ये अजून बरंच अंतर आहे, सध्या तो विषय डोक्यातून काढून टाका.

आणि कॅश घ्यायला लागू नका. लपवायच्या हेतूने कॅश घेणं चूकच, पण तुमच्या बाबतीत तो तोट्याचा व्यवहार पण आहे, कारण छोट्या धंद्यांसाठी इन्कम टॅक्समध्ये ४४एडी नावाचं एक कलम आहे. २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या धंद्याला त्यात रीतसर हिशेबाची खतावणी ठेवावी लागत नाही, बिलं दाखवावी लागत नाहीत. कॅशने आलेल्या उलाढालीवर निदान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर निदान ६ टक्के नफा दाखवायचा. बघा, जीपेवाल्या पैशाला सवलत आहे. तुमच्या आकड्यांवर हा किमान नफा येतो ३ लाख ९० हजाराच्या ६ टक्क्यांनी २३,४०० आणि दीड लाखाच्या ८ टक्क्यांनी १२,०००, मिळून ३५,४००.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण याच ठिकाणी बहुतेक जण, आणि त्यांचं रिटर्न भरून देणारे पण, ३५,४०० लिहून मोकळे होतात. कायदा म्हणतो ६ किंवा ८ टक्के, किंवा खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो. तुमचा जास्त आहे हे तुम्हाला माहितीये. ३५ हजारात दोन मुलांचं वर्ष निघत नाही, हे समोरच्या ऑफिसरलाही कळतं. म्हणून माझा आग्रह आहे की खरा आकडा लिहा. टॅक्स तसाही शून्यच येणार, मग कमी दाखवून मिळणार काय? आणि जाणार बरंच काही. उद्या तुम्हाला मोठा ग्राइंडर किंवा डबे पोचवायला स्कूटी घ्यायची झाली, मुद्रा लोनसाठी बँकेत गेलात, तर मॅनेजर आधी दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागतो, त्यावर वर्षाला ३५ हजार दिसले तर तो हप्ता कशाच्या जोरावर मंजूर करणार. अजून एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं पण लिहिते, घरात कमावणारं माणूस एकच असताना त्याच्या कमाईचा कागद असणं मुलांसाठी फार महत्त्वाचं असतं. रस्ता अपघाताचे दावे चालतात तेव्हा भरपाईचा हिशेब उत्पन्नावर होतो आणि रिटर्न हा त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा धरतात. तुमच्या मिस्टरांच्या वेळी कागदांसाठी किती फिरावं लागलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

खरा नफा काढताना एक गोष्ट हमखास सुटते. तुम्ही तेरा हजार हातात राहतात म्हणालात, पण तुमचं तिघांचं जेवण त्याच कढईतून निघतं ना? डब्याची भाजी टाकताना दोन वाट्या मुलांसाठी काढून ठेवता, त्याच पोळ्यांतल्या चार पोळ्या शाळेच्या डब्यात जातात. किराण्याचं बिल एकच येतं, त्यात तुमच्या घरचा वाटा आहे आणि तो धंद्याचा खर्च नाही. मी महिन्याला दोन हजार धरलाय, तुम्ही तुमच्या हिशेबाने धरा. म्हणजे खरा नफा महिन्याला पंधरा हजार, वर्षाचा १ लाख ८० हजार. त्यात एफडीचं व्याज. बँकेने व्याजाच्या १० टक्के कापले आणि ते ६३०० भरले म्हणजे व्याज ६३ हजार. एकूण उत्पन्न २ लाख ४३ हजार, बचत खात्याचं चार-पाचशे रुपये व्याज असेल ते त्यात मिळवा.

आपण बोलतोय ते २०२४-२५ या वर्षाचं, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. या वर्षाला नव्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत टॅक्सच नाही आणि उत्पन्न ७ लाखांपर्यंत असेल तर हिशेबाने येणारा टॅक्स सूट मिळून शून्य होतो. जुन्या प्रणालीत ही मर्यादा अडीच लाख आहे, तुम्ही तिच्याही आत आहात. फॉर्ममध्ये नवी प्रणाली आपोआप निवडलेली येते, ती तशीच राहू द्या. २०२५-२६ या वर्षापासून, म्हणजे एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला, ३ च्या जागी ४ लाख आणि ७ च्या जागी १२ लाख झालेत. डबे दुप्पट झाले तरी टॅक्स लागायचा नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरणं सक्तीचं होतं. २०२४-२५ साठी तुम्हाला ते सक्तीचं नाहीये, तुम्ही ६३०० साठी भरताय.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. एकटीने मुलं वाढवणाऱ्या आईला किंवा बापाला आपल्या इन्कम टॅक्समध्ये वेगळी अशी काही सूट नाही. पूर्वी बायकांना करमुक्त मर्यादा थोडी जास्त असायची, २०१२-१३ पासून ती पण गेली. एका पगारात घर चालवणाऱ्याला आणि दोघांच्या पगारात चालवणाऱ्याला एकच माप, हे बदलायला हवं असं मला वाटतं. तोवर जे आहे त्यातलं आपलं आपण सोडायचं नाही. राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, एक पालक गेलेल्या मुलांनाही ती मिळते, मुलामागे महिन्याला २२५० रुपये. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जाऊन अर्जाची चौकशी करा. तुम्ही पत्रात उल्लेख केला नाहीत म्हणून मुद्दाम सांगतेय, टॅक्सशी तिचा संबंध नाही.

आता एफडी. मिस्टरांच्या मागे एलआयसीचे जे ९ लाख आले ते उत्पन्न नव्हतं, मृत्यूनंतर वारसाला मिळणारी विम्याची रक्कम करमुक्त असते, त्यामुळे "नऊ लाख दाखवले नाहीत" ही भीती असेल तर ती काढून टाका. त्यावर मिळणारं व्याज मात्र दरवर्षीचं उत्पन्न आहे. २०२४-२५ मध्ये एका बँकेत व्याज ४० हजारांच्या वर गेलं की बँक १० टक्के कापायची, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५० हजार झाली. बँकेला तुमची बाकीची परिस्थिती माहीत नसते, ती नियमाने कापते आणि तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा करते. तुमचा टॅक्स शून्य आहे हे तुम्ही रिटर्न भरून सांगितलंत की ते पैसे व्याजासकट परत येतात. नाही सांगितलंत तर तिथेच राहतात, कुणी आपणहून आणून देत नाही.

मुलांच्या नावावर एफडी करून काही साधत नाही. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावावरच्या पैशाचं व्याज कायद्याने आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात, आणि मुलांची पालक आता तुम्ही एकटीच, म्हणजे फिरून ते तुमच्याच नावावर येणार. वर अडीअडचणीला एफडी मोडायची झाली तर कागदपत्रांचा वेगळा ताप. पैसे तुमच्या नावावर राहू द्या, नॉमिनी म्हणून मुलांची नावं लावा आणि मुलं अज्ञान आहेत तेव्हा त्यांच्या वतीने पैसे स्वीकारणारं एक भरवशाचं मोठं माणूस त्या फॉर्मवर नेमा. जुन्या खात्यांवर मिस्टर नॉमिनी होते आणि बदलायचं राहून गेलं असंही फार घरांत होतं, उद्याच तपासा.

पुढे टीडीएस कापलाच जाऊ नये म्हणून बँकेत एक फॉर्म द्यायचा असतो, २०२५ मध्ये तो फॉर्म १५जी होता. वर्षाचा टॅक्स शून्य येणार आहे आणि व्याजाची एकूण रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत आहे, या दोन्ही गोष्टी ज्याच्या बाबतीत खऱ्या आहेत त्याने तो द्यायचा. तुमच्या दोन्ही खऱ्या आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये नव्याने द्यावा लागतो, एकदा दिला म्हणजे कायमचं झालं असं नाही. यंदाचा दिला नसेल तर आत्ता द्या, आतापर्यंत कापलेले पुढच्या वर्षी रिटर्नमधून मिळतील, पण इथून पुढचे तरी वाचतील. बँकेच्या अ‍ॅपवरूनही भरता येतो, शाखेत दिलात तर एका कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या, काउंटरवर ठेवून निघून येऊ नका.

एजंटबद्दल स्पष्टच लिहिते, त्याच्याकडे जाऊ नका. रिफंड म्हणजे तुमच्याकडून आधी जास्तीचे कापले गेलेले पैसे परत मिळणं. तुमचे कापले गेलेत ६३००. मग वीस हजार येणार कुठून? येऊच शकत नाहीत. एकतर तो तुम्हाला फसवतोय किंवा तुमच्या पॅनवर खोटा टीडीएस, खोट्या देणग्या असलं काहीतरी भरणार आहे. नोकरदारांच्या रिटर्नमध्ये राजकीय पक्षांना देणग्या, घरभाडं, खोटी मेडिकल बिलं दाखवून रिफंड काढून द्यायचे आणि त्यातला वाटा घ्यायचा, हा धंदा इतका बोकाळला होता की १४ जुलै २०२५ ला इन्कम टॅक्सवाल्यांनी देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. अशा वेळी नोटीस येते ती ज्याचं पॅन त्याला. एजंट नंबर बदलून मोकळा. आणि ही माणसं अजून एक करतात, रजिस्ट्रेशन करताना पोर्टलवर स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकतात, म्हणजे खात्याकडून काय मेसेज आला, काय विचारलं, तुम्हाला पत्ताच लागत नाही. कुणाचीही मदत घ्या पण मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच हवा, पासवर्ड तुमच्याच हाताने टाका आणि ओटीपी कशासाठी आलाय ते वाचल्याशिवाय कुणाला सांगू नका.

लाडकी बहीणचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि भीती खोटी नाही, कारण अर्जांची छाननी चालू आहे. नियम दोन आहेत, ते वेगवेगळे समजून घ्या. एक, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. दोन, कुटुंबात कुणी आयकरदाता नको. रिटर्न भरणं आणि आयकर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या रिटर्नमध्ये टॅक्सच्या रकान्यात शून्य असेल, तुम्ही आयकरदात्या होत नाही. उलट मी तर म्हणेन की रिटर्न न भरता गप्प बसलात तर तुमच्या पॅनवर ६३०० रुपये कापलेले तेवढे दिसतात आणि ते तुमच्याकडून येणं नव्हतं हे सांगणारा कागदच नाही. रिटर्न भरलं, रिफंड आला, की टॅक्स शून्य होता याचा सरकारी पुरावा तुमच्याकडे झाला, उद्या कुणी विचारलंच तर तो पुढे ठेवता येतो. उत्पन्न २ लाख ४३ हजार, अडीचच्या आत आहे. पण काठावर आहे हे पण खरं. पुढच्या वर्षी चार डबे वाढले आणि आकडा अडीचच्या वर गेला तर योजना सोडावी लागेल, आणि तेव्हा योजनेच्या महिन्याच्या पंधराशेसाठी आकडा दाबून लिहू नका. चार डब्यांचे त्याहून जास्त सुटतात, धंदा वाढू द्या.

आता भरायचं कसं. घरी बसून होतं, पोर्टलची फी काही नाही. इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन नंबर हाच तुमचा युजर आयडी. आधार पॅनला जोडलेलं आहे ना आणि आधारला तुमचाच चालू मोबाईल नंबर आहे ना ते आधी बघा, कितीतरी जणींचा आधारला अजून मिस्टरांचा नंबर असतो आणि सगळं तिथेच अडतं. तसं असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, म्हणूनच शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आत गेल्यावर एआयएस नावाचं एक स्टेटमेंट मिळतं, सरकारला तुमच्याबद्दल काय काय माहिती आहे ते त्यात असतं. एफडीचं व्याज आणि कापलेला टीडीएस त्यात दिसायला हवा. दिसला नाही तर बँकेकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, मागा.

मग फॉर्म निवडायचा आयटीआर-४, त्याला सुगम म्हणतात, आणि असेसमेंट इयर २०२५-२६. इथे माणसं गडबडतात, कमाई २०२४-२५ ची असली तरी असेसमेंट इयर त्याच्या पुढचं निवडायचं. धंद्याच्या भागात ४४एडी घ्या, धंद्याचा प्रकार निवडायच्या यादीत हॉटेल-केटरिंगच्या गटात केटरर सापडेल. यूपीआयने किंवा बँकेतून आलेले ३ लाख ९० हजार एका रकान्यात आणि कॅशचे दीड लाख वेगळ्या रकान्यात, त्याखाली नफा विचारतात तिथे दोन्ही मिळून १ लाख ८० हजार होतील असे टाका. त्याच भागात ३१ मार्चला हातात रोकड किती, माल किती शिल्लक, कुणाकडून येणं आणि कुणाचं देणं किती हे विचारतात. घाबरू नका, किराणा दुकानदाराची उधारी, डब्यात भरून ठेवलेले तांदूळ-डाळ, एखाद्या मुलाचे राहिलेले महिन्याचे पैसे, एवढंच ते असतं. एफडीचं व्याज "इतर उत्पन्न" मध्ये येतं, टीडीएस बहुतेक आपोआप भरलेला असतो, तो ६३०० आहे ना ते बघा. शेवटी बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करा, म्हणजे पडताळून घ्या, नाहीतर रिफंड मंजूर होऊन पण खात्यात येत नाही. सबमिट केल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं, लगेच त्याच बैठकीत करून टाका, कारण हे राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

मोबाईलवर जमत नसेल तर ओळखीत एखादी कॉमर्सला असलेली मुलगी, भाची, शेजारचा मुलगा कुणाला तरी शेजारी बसवा. पोर्टलवर अडलं तर १८०० १०३ ००२५ हा खात्याचा टोल फ्री नंबर आहे. तरी धाकधूक वाटली तर सरळ सीएच्या ऑफिसात जा आणि फी आधी ठरवून घ्या, रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याकडे पाय ठेवू नका. समजा सप्टेंबरची मुदत हुकलीच तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्यामुळे तुम्हाला लेट फी पण लागणार नाही. त्यानंतर मात्र या वर्षाचे ६३०० गेले म्हणून समजा, कारण नंतर भरायचं जे अपडेटेड रिटर्न असतं त्यात रिफंड मागता येत नाही. आणि एकदा ४४एडी घेतलं की ते दरवर्षी चालू ठेवा, मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही.

पुढच्या वर्षी एवढी आकडेमोड करायला लागू नये म्हणून दोन गोष्टी आजपासून सुरू करा. घरात एखादं बंद पडल्यासारखं बचत खातं असेल तर ते डब्यासाठी वेगळं काढा आणि गिऱ्हाइकांना त्याचाच क्यूआर द्या. भिशी आणि भावाचे पैसे जुन्या खात्यातच येऊ देत. भिशीची यादी, कुणाचा नंबर कधी लागला, ते एका पानावर लिहून ठेवा, उद्या कुणी विचारलं तर ते पान पुरतं. दुसरं म्हणजे साधी दोनशे पानी वही, डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले. कॅशने पैसे देणाऱ्यांची नोंद तर त्याच दिवशी करा, महिनाअखेरीला आठवत नाही. भाजीवाली बिल देत नाही हे मला माहितीये, वहीत तारीख घालून "भाजी ३४०" एवढं लिहिलंत तरी चालेल, ४४एडीत तुम्हाला बिलं कुणी मागत नाही, ही वही तुमचा खरा नफा तुम्हालाच कळावा म्हणून आहे. आत्ता तुम्ही तेरा म्हणताय, मी पंधरा म्हणतेय, वही झाली की दोघींनाही अंदाज करायला नको. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, पण करून ठेवा, आधारवर फुकट होतं, मुद्रा लोनच्या वेळी उपयोगी पडेल. आणि अन्न परवान्याचं छोटं रजिस्ट्रेशन केलं नसेल तर तेही करा, २०२५ मध्ये १२ लाखांपर्यंतच्या धंद्याला त्याची वर्षाला १०० रुपये फी होती.

राहिला मुलीचा दाखला. सेतूत गेलात की तिथला माणूस विचारेल किती लिहू, आणि शेजारच्या रांगेतलं कुणीतरी सांगेल ३६ हजार लिहा, ४० हजार लिहा, सगळे तेच लिहितात. तुम्ही तसं करू नका. एकीकडे रिटर्नमध्ये २ लाख ४३ हजार आणि दुसरीकडे तहसीलदाराच्या दाखल्यावर ४० हजार असे दोन कागद एकाच बाईच्या नावावर असले की कधीतरी ते एकमेकांसमोर येतात, आणि तेव्हा अडते ती मुलीची स्कॉलरशिप. म्हणून क्रम असा ठेवा, आधी रिटर्न भरा, ई-व्हेरिफाय करा, त्याची पोचपावती डाउनलोड करून दोन प्रिंट काढा, एक तुमच्या फाइलमध्ये आणि एक दाखल्याच्या अर्जाला जोडा. दोन्हीकडे आकडा एकच. स्कॉलरशिपची उत्पन्न मर्यादा योजनेप्रमाणे बदलते, तेव्हा शाळेतून योजनेचं नेमकं नाव आणि मर्यादा लिहून घ्या आणि मगच सेतूत जा, दाखला एक वर्षाचा हवा की तीन वर्षांचा हे पण विचारून घ्या, नाहीतर परत हेलपाटा पडतो.